फळ्यावरचा मताचा रकाना

गराडूच्या गाडीवर तेल तापायला लागलं की मला भूक लागते, आणि भुकेच्या शेजारीच पोटात थोडी धास्तीही येऊन बसते. आमच्या इंदूरात थंडी आधी नाकाला कळते. गराडू म्हणजे आमच्याकडचा एक कंद; त्याचे उकडलेले तुकडे दुसऱ्यांदा तेलात पडतात, वरून जीरावनचा मसाला आणि लिंबू पडतं, आणि त्या वासाने शाल काढायची वेळ झाली हे समजतं. साधारण त्याच दिवसांत तिकडे दिल्लीत संसदेचं हिवाळी अधिवेशन भरतं. बाकीच्या शहराला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नसेल. आमच्या गल्लीत मात्र त्या एकाच भिंतीला टेकून उभ्या असतात. डावीकडे गराडूची गाडी, उजवीकडे वाचनालयाचा काळा फळा.

हा फळा एका शाळेतून बाद झालेला. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, निवृत्त होताना तो मागून आणला. सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं ते आईने कपाटात ठेवलं, आणि फळा हातगाडीवर टाकून नाना स्वतः वाचनालयापर्यंत चालत गेले. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांनी कायमची एक ओळ रंगवली, ‘आज आपल्या खासदारांनी’. खाली चार रकाने आखले: हजर, प्रश्न, भाषण, मत. अधिवेशन चालू असेल त्या प्रत्येक संध्याकाळी ते रकाने खडूने भरायचे, वर मराठीत आणि खाली हिंदीत. गल्लीत आम्ही मराठी लोक निम्मे, आणि त्यातल्या निम्म्यांची पोरं मराठी वाचताना अडखळतात.

कोणते खासदार, कुठलं सभागृह, कुठला पक्ष, हे मी लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारा लगेच मनातला जुना राग किंवा जुनं प्रेम बाहेर काढतो आणि माझं म्हणणं राहतं बाजूला. ते आमचे खासदार होते, एवढं पुरे.

नानांची सगळी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. आमचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, तेव्हापासून घरात नीट अक्षराचं कौतुक फार. नानांचं अक्षर तर असं की मुलं फळा पुसायला कचरायची. ‘संसदेची कामे सांगा’ या प्रश्नाचे मुद्दे त्यांनी पिढ्यान् पिढ्या घोकून घेतले. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, यातलं आपले खासदार कोणतं करतात?” वर्ग हसला. नानांना उत्तर येईना. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, मुलगी आगाऊ आहे. नाना म्हणाले, आगाऊ नाही, तिने अख्ख्या धड्याचा निकाल लावला. त्या एका प्रश्नातून हा फळा आला.

तपशील आणायचं काम माझ्याकडे आणि सुनंदाकडे. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. महूची. तिचे आजोबा फौजेत होते, वडील फौजेच्या वर्कशॉपात, आणि ती स्वतः इंदूरात विमा कार्यालयात. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात घटनेची प्रत असते आणि पाहुण्यांना चहाच्या आधी ती दिसते. जेवणाच्या सुट्टीत सुनंदा संसदेच्या साइटवर कामकाजाचे कागद वाचायची आणि संध्याकाळी महूची बस पकडण्याआधी वाचनालयात उतरून नानांना सांगायची. आज तारांकित प्रश्नांत नाव होतं पण सभागृह तहकूब झालं म्हणून तो तोंडी विचारलाच गेला नाही. आज शून्य प्रहरात बोलले, अफूच्या पट्ट्यांबद्दल, म्हणजे लागवडीच्या परवान्यांबद्दल. आज लेखी उत्तर आलंय, आणि उत्तर काय, तर ‘प्रश्न उद्भवत नाही’. हे ऐकून गराडूवाला भूरा हमखास म्हणायचा की हमारे यहाँ तो रोज उद्भवता है, आणि कढईत झारा आपटायचा.

नानांचा एकच नियम होता, फळ्यावर विशेषण नको. एकदा सुनंदाने घाईत ‘फक्त एक प्रश्न’ असं लिहिलं. नाना उठले, त्यांनी बोटाने ‘फक्त’ पुसलं आणि खडू परत तिच्या हातात दिला. “फक्त आहे का भरपूर, ते वाचणारा ठरवेल ना. आपण कशाला त्याच्या तोंडात घास घालायचा?” सुनंदा चिडली होती. बसमध्ये तासभर फक्त-फक्त करत राहिले, असं दुसऱ्या दिवशी म्हणाली.

मताचा रकाना बहुतेक दिवस तसाच जायचा. लोकांना वाटतं संसदेत प्रत्येक गोष्टीला मोजून मतं पडतात. तसं नसतं. अध्यक्षांच्या आसनावरून विचारतात, बाजूचे ‘हो’ ओरडतात, विरोधातले ‘नाही’ ओरडतात, आणि कान देऊन ठरवतात की होकाराचं पारडं जड आहे. त्यात आपला माणूस काय ओरडला, ओरडला की जांभई देत होता, कुठेच नोंद नसते. नाना तिथे ‘आवाजी’ असं लिहीत. मोजणी व्हायची तर कुणीतरी मतविभागणी मागावी लागते. मग घंटा वाजते, दारं बंद होतात, बाकावरची बटणं दाबतात आणि नावानिशी कळतं. असा दिवस अधिवेशनात एखादाच. त्या दिवशी नाना दुपारचं झोपत नसत.

ज्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचंय, त्याच्या आधी इंदूरजवळच्या सांवेरला एक सभा झाली होती. सोयाबीन निघालं होतं, गव्हासाठी रानं तयार होत होती, आणि नव्या रस्त्यासाठी कुणाकुणाची जमीन जाणार याची कुजबुज मळ्या-मळ्यांत होती. संसदेत जमिनीबद्दलचं एक विधेयक येणार होतं. त्यात, गावाच्या ग्रामसभेची संमती घेतल्याशिवाय जमीन घेऊ नये, एवढी एक ओळ घालावी अशी उपसूचना समोरच्या पक्षाचं कुणीतरी मांडणार होतं. आमचे खासदार सभेत उभे राहिले आणि म्हणाले की ती ओळ कुणीही मांडो, मी त्या ओळीच्या बाजूने आहे. नाना तिथे होते. बसने गेले होते, मफलर गुंडाळून. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की आता हे बघावं लागेल.

त्याच हिवाळ्यात वाचनालयाच्या छपराचं घोडं गंगेत न्हाण्याच्या बेतात होतं. आमच्या वाचनालयाचे पत्रे इतके सडलेले की पावसाळ्यात कथासंग्रह एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवायचे, आणि दुसरंही गळायला लागलं की परत पहिल्यात. खासदार निधीतून नवं छप्पर मिळावं असा अर्ज समितीने केला होता. खासदारांचं इथलं काम बघणारे महेश भिया एका सकाळी आले, पोहे-जलेबी खाल्ली, आणि समजो हो गया असं सांगून गेले. समितीचे अध्यक्ष खूश झाले. पण खुशीत त्यांनी नानांना बाजूला घेतलं आणि बजावलं की फळ्यावर एक अक्षर जरी खोटं निघालं, तर फळा उतरवू. नाना म्हणाले, खोटं निघालं तर मीच उतरवीन. नानांच्या उरलेल्या आयुष्यात सकाळी उठून करण्यासारखं काही असेल तर तो फळा होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

मतविभागणीच्या त्या दुपारी वाचनालयात बसायला जागा नव्हती. टीव्ही छोटा, आवाज मोठा. सांवेरहून तिघं-चौघं मोटरसायकलवर आले होते, डोक्याला फडकी, हाताला ग्रीस. उपसूचना वाचली गेली. घंटा वाजायला लागली, तशी बाहेर भूराने कढईखालची आच मंद केली. पडद्यावर बाक दिसत होते आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत आमचे खासदार दिसले. पांढरं जाकीट, मान खाली. दिसले रे दिसले, असं कुणीतरी म्हणालं. मग सभागृहाच्या भिंतीवर आकडे उमटले आणि ती एक ओळ पडली. मोठ्या फरकाने पडली. सांवेरचे लोक टीव्हीकडेच बघत राहिले. ओळ पडणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की आपला माणूस कुठे उभा राहिला.

तासाभरात मोबाइलवर एक फोटो फिरू लागला, मशीनमधून निघालेल्या यादीचा. बाजूने कोण, विरोधात कोण, तटस्थ कोण. आमच्या खासदारांचं नाव कुठेच नव्हतं. बसले होते, आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नाव नाही. म्हणजे बटण दाबलंच नाही. सभेत छाती काढून बोलले आणि वेळ आली तेव्हा हात मांडीवर ठेवून बसले. मला इतका संताप आला की मी स्वतः खडू उचलून नानांच्या हातात दिला.

सुनंदा त्या दिवशी लवकर आली होती. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि वरच्या कोपऱ्यातली बारीक ओळ दाखवली, ‘दुरुस्तीच्या अधीन’. पुष्कळदा बटण नीट लागत नाही, ती सांगत होती. कुणी उशिरा दाबतं, कुणाचं यंत्र बंद असतं. मग तो सदस्य तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून देतो, आणि ती चिठ्ठी या कागदावर येत नाही. ती छापील कामकाजात येते, पानाच्या तळाला, टीप म्हणून. तोवर काही म्हणता येत नाही. तिचं बोलणं कुणी धड ऐकून घेतलं नाही. एक जण म्हणाला, मैडम, चिठ्ठी तो वो देता है जिसकी नीयत हो.

नाना फळ्यासमोर उभे राहिले. हजर, त्यांनी लिहिलं, होय. प्रश्न, नाही. भाषण, नाही. मग मताच्या रकान्यात, त्याच वळणदार अक्षरात, ‘अजून कळलेले नाही’. खाली हिंदीतही लिहिलं. खडू खाली ठेवला, हात झटकले.

मागे गर्दी तशीच उभी होती. गराडू तळल्याचा आवाज येत होता. मग मागून कुणीतरी अगदी सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, “नानाजी, छत कब डल रही है?”

नाना वळले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, मफलर घट्ट केला आणि घराकडे चालू लागले. मी आणि सुनंदा मागून. कोपऱ्यापर्यंत आम्हाला हसण्याचा आवाज येत होता.

घरी आईने ताट वाढलं. बातमी तिच्यापर्यंत आमच्याआधी पोचली होती, इंदूरात बातमीला चप्पल घालावी लागत नाही. नानांनी भात चिवडला. आईने वरण वाढलं, आणि मग तिने विचारलंच.

“अहो, छपरासाठी तर नाही ना?”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, थकल्यासारखं.

“मला काय वाटतं माहिती आहे तुला?” ते म्हणाले. “मलापण हेच वाटून राहिलंय, की त्याने मत दिलंच नाही. घाबरला असेल. पक्षाचा आदेश असेल.”

“मग लिहा ना तसं.”

“वाटतंय ना, म्हणूनच नाही लिहीत.”

आई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त झाला. मला नानांचं म्हणणं डोक्याने पटत होतं आणि बाकी सगळ्या अंगाने पटत नव्हतं. ज्या माणसाचा बचाव करायचा नव्हता, त्याच्यासाठी माझे वडील शिव्या खात होते. हा कसला न्याय, असं मला वाटत राहिलं.

पुढचे दिवस मला आजही थंडीसारखे अंगावर येतात. छापील कामकाज दुसऱ्या दिवशी आलं नाही, त्यानंतर सुट्टी आली, आणि मावठा लागला. माळव्यातला हिवाळी पाऊस तो, धड पडत नाही आणि थांबतही नाही. वाचनालयाच्या पत्र्यांतून थेंब बादलीत, बादलीतून उडून वर्तमानपत्रांवर. येणारे लोक वर बघायचे, मग फळ्याकडे बघायचे, आणि निघायचे. एका सकाळी फळ्याखालच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं सापडलं, ‘छत मिल गई?’. मी ओला बोळा घेऊन धावले. नानांनी अडवलं. प्रश्न आहे, म्हणाले, राहू दे, उत्तर द्यायचंय अजून. सांवेरचा एक माणूस, ज्याच्या रस्त्यात जाणाऱ्या शेताचा नकाशा आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला होता, बाजूने मोटरसायकलवरून गेला आणि त्याने नानांना रामराम केला नाही. नानांचा हात मात्र वर गेला होता. तो हात परत खाली येताना मी पाहिला.

नाना घरी कमी बोलायला लागले. चालणं मंदावलं. आईने एकदा मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं की यांना खजराण्याला घेऊन जा, गणपतीसमोर बसले तर जरा बरं वाटेल. नेलं. मोदक घेतले, दर्शन झालं. परत येताना रिक्षात नानांनी विचारलं, सुनंदाचा फोन आला का. बाप्पासमोर बसूनही डोक्यात तळटीपच होती, हे बघून मला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले.

अध्यक्षांचा निरोप आला की दोन दिवसांत काय ते लिहा, नाहीतर फळा आत ठेवा, वाचनालयाचं नाव खराब होऊन राहिलंय. गंमत बघा. खोटं लिहिलं तर उतरवू म्हणणारे आता काही न लिहिल्याबद्दल उतरवायला निघाले होते.

त्याच संध्याकाळी सुनंदा आली. बसमधून उतरून ती पळत आली होती, ओढणी भिजून खांद्याला चिकटलेली. वाचनालयात नाना एकटे बादली रिकामी करत होते. तिने फोन पुढे केला. नानांनी चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांजवळ नेला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. मोठे परिच्छेद, मग यादी, मग पानाच्या तळाला बारीक अक्षरांत, पुढील सदस्यांनीही चिठ्ठीद्वारे मत नोंदवले. विरोधात, अशी मोठी नावांची ओळ. आणि बाजूने, अशी अगदी छोटी. त्या छोट्या ओळीत आमचे खासदार होते.

बाजूने. आपल्या पक्षाविरुद्ध, चिठ्ठीवर सही करून. आम्ही ज्याला भित्रा म्हणत होतो तो माणूस त्या दुपारी मान खाली घालून बसला होता, तेव्हा चिठ्ठी लिहीत असावा. सुनंदा खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. नानांनी ते तीनदा वाचलं, मग खडू शोधायला लागले आणि खडू त्यांच्याच खिशात होता.

तेवढ्यात महेश भिया आले. छत्री मिटून दाराशी ठेवली, बूट काढले. हा माणूस दर अधिवेशनात आम्हाला ऐकवायचा की नानाजी, आप तो साहब का कॉलम खाली ही रखते हो. आज त्याचा चेहरा उतरलेला होता. त्यालाही तो कागद मिळाला होता.

“नानाजी, एक विनती है,” तो म्हणाला. “इतने दिन ‘पता नहीं’ लिखा है, तो सत्र निकलने तक वही रहने दो। दिल्ली में छप गया, वहाँ कौन देखता है नीचे की टीप। पर यहाँ बोर्ड पे आ गया तो अखबार वाले उठा लेंगे। साहब का टिकट चला जाएगा।”

नाना ऐकत होते.

“और छत का काम,” त्याने वर बघितलं. बरोबर तेव्हाच एक थेंब बादलीत पडला. “छत तो मैं करवा ही दूँगा। पर साहब रहेंगे तभी ना।”

तो धमकी देत नव्हता, हे मला आज जास्त कळतं. तो खरोखर घाबरला होता, आणि आपल्या माणसासाठी घाबरला होता. सुनंदा माझ्याकडे बघत होती, मी नानांकडे. मला त्या क्षणी दोन्ही हवं होतं. नानांच्या अंगावरचा डाग धुवून निघायला हवा होता, आणि ज्या माणसाने एकदाच का होईना धैर्य दाखवलं त्याचं आमच्या हातून वाटोळं व्हायला नको होतं. काय करावं हे मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ठरवण्याची वेळ माझ्यावर नव्हती याचं मला बरं वाटलं.

नानांनी बादली थेंबाखाली नीट सरकवली. मग म्हणाले, “महेशजी, साहब को बदनाम करने का होता, तो मैंने पहले दिन ही लिख दिया होता. तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आता कळलंय.”

“पर उनका भला...”

“भला-बुरा मेरा कॉलम नहीं है।”

ते बाहेर गेले. मावठा थांबला होता, फळा ओला होता. त्यांनी मफलर काढला आणि मफलरने तो एक रकाना कोरडा केला. मग लिहिलं: उपसूचनेच्या बाजूने, चिठ्ठीने. एकही शब्द जास्त नाही. पक्षाविरुद्ध असं नाही, धैर्याने असं नाही. महेश भियांनी छत्री उचलली आणि न उघडताच निघून गेले. भूरा पुढे आला, त्याने वाचलं, आणि आपल्या फडक्याने भिंतीवरचा कोळसा पुसून टाकला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो कोळसा त्याच्याच भट्टीतला होता की काय, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांवेरचा तो माणूस आला. मोटरसायकल बंद न करताच त्याने फळा वाचला, मग बंद केली आणि परत वाचला. नाना आत होते. तो आत आला नाही. त्याने गाडीला अडकवलेली हिरव्या छोडांची जुडी काढली, वाचनालयाच्या पायरीवर ठेवली आणि गेला. आम्ही संध्याकाळभर ओले हरभरे सोलून खात होतो. आईही आली होती. ती नानांच्या शेजारी बसली आणि सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवत राहिली.

छप्पर आलं नाही. पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. आमच्या फळ्यामुळे दिलं असं म्हणणं म्हणजे बैलगाडीखालच्या कुत्र्याने गाडी आपणच ओढतोय असं समजण्यासारखं आहे. पण आमच्यामुळे अजिबात नाही, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नंतर एका थंडीत आमचे ते खासदार स्वतः आले. आता खासदार नव्हते, बरोबर कुणी नव्हतं. भूराकडून त्यांनी गराडूचा पानांचा दोना घेतला आणि फळ्याजवळ उभे राहून खाल्ला. नाना बाहेर आले. दोघांचा नमस्कार झाला. त्यांनी विचारलं की सगळ्यांनी तर ठरवून टाकलं होतं, मग तुम्ही का थांबलात. नानांनी सांगून टाकलं, “ठरवलं तर मीपण होतं. लिहिलं नाही, एवढंच.” ते हसले नाहीत. त्यांनी दोना टाकला, रुमालाने हात पुसले, आणि तो रकाना जिथे होता त्या जागेकडे थोडा वेळ बघत उभे राहिले. अधिवेशन नव्हतं, फळा कोरा होता.

नाना एका उन्हाळ्यात गेले, दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात. सुनंदा म्हणाली, त्यांनी एकही संध्याकाळ बुडवली नाही. पत्र्यांवर आता निळी ताडपत्री आहे. फळा मी लिहिते. माझं अक्षर नानांसारखं नाही, गल्लीतले लोक तोंडावर सांगतात. खासदार नवे आहेत, तरुण आहेत, भाषण झकास करतात, आणि मला ते मुळीच आवडत नाहीत.

या आठवड्यात मतविभागणी झाली. कशावर ते जाऊ द्या. तेही निवडणुकीत काहीतरी बोलले होते. यादीचा फोटो आला, नाव नाही. सुनंदाने तीच बारीक ओळ दाखवली, आता आम्हा दोघींनाही चष्मा लागतो. फळ्यासमोर पुन्हा गर्दी, पुन्हा तेल तापलेलं. दीदी, लिख दो ना, सब को दिख रहा है, असं मागून चाललेलं. मलाही दिसतंय. माझ्या मनाने निकाल कधीच दिलाय, आणि तो खरा निघावा अशी माझी इच्छासुद्धा आहे. ती इच्छा हातात इतकी होती की खडू फळ्याला टेकवला तेव्हा तो करकरला. नानांना त्या दिवशी काय उचलावं लागलं होतं, ते मला कळलं.

हजर, होय. प्रश्न, एक. भाषण, नाही. मताच्या रकान्यात मी लिहिलं, ‘अजून कळलेले नाही’. शेवटची वेलांटी नीट यावी म्हणून जरा थांबले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “दीदी, आपकी छत कब डल रही है?”

मी हिंदीतली ओळही लिहिली आणि मगच खडू खाली ठेवला.